रिनाबाईंचा फीचा तक्ता

मी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, सगळी गडचिरोली डेपोत. शेवटची सहा वर्षं माझ्या गाडीवर बहुतेक वेळा रिना खोब्रागडे कंडक्टर असायच्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या, पण मी त्यांना रिनाबाई म्हणायचो आणि त्या मला बापूराव भाऊ. आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूसही उठून सुटे पैसे काढायचा. कामात चोख. फक्त एक खोड होती. तिकीट काढता काढता प्रश्न विचारायच्या.

बाकीच्या महिन्यांत हे प्रश्न साधे असत. जूनमध्ये मात्र, बारावीचा निकाल लागला की, त्यांना जोर चढायचा. हातात प्लास्टिकची फाईल घेतलेली पोरगी गाडीत दिसली की तिकीट राहिलं बाजूला. "किती टक्के भेटले? कुठी नाव टाकून राह्यली? फी किती सांगतली?" पोरी लाजायच्या, बाप लोक खिडकीबाहेर बघायचे. मला आरशात सगळं दिसायचं. मी एकदा म्हणालो, "बाई, लोकाईच्या घरच्या गोष्टी आपल्याले कायले पाह्यजे?" त्यांनी उत्तर दिलं नाही.

उत्तर मिळालं दोन वर्षांनी, मूल गावच्या स्टँडवर चहा पिताना. काही कारण नव्हतं. त्या आपण होऊनच बोलायला लागल्या.

त्यांचे वडील बल्लारपूरला पेपरमिलमध्ये कामगार होते. ज्या वर्षी ते रिटायर झाले त्याच वर्षी रिनाबाई बारावी झाल्या. तेव्हा गावोगावी डी.एड.ची कॉलेजं निघाली होती. डी.एड. झालं की मास्तरकी पक्की, असं जो तो सांगायचा. वडिलांनी मिळालेल्या पैशातले एक लाख दहा हजार एका खाजगी कॉलेजात भरले आणि पोरीला शिकवलं. ती पास झाली आणि पुढे शिक्षकांची भरतीच थांबली. पण रिनाबाईंचा सल वेगळाच होता.

"परीक्षेच्या वेळी माह्या बाजूले एक पोरगी बसली होती," त्या म्हणाल्या. "तीबी डी.एड.चीच. सरकारी कॉलेजातली. मी विचारलं, किती भरले? तर म्हणे, दोन वर्षाचे मिळून सहा हजार. बारावीले तिले माह्यापेक्षा कमी मार्क होते, भाऊ. मी तिथी फॉर्मच भरला नव्हता. कॉलेज हाये हेच मालूम नव्हतं. आमच्या घरापासून बत्तीस किलोमीटर."

मी विचारलं, "मग बाबाले सांगतलं काय?"

"नाई. काऊन सांगू? ते गेले तोवर त्याईले वाटे, सगळीकडे तेवढीच फी असते."

त्यांनी कप ठेवला, घड्याळ पाहिलं आणि शिट्टी मारली. आम्ही निघालो. त्यानंतर मी त्यांच्या प्रश्नांबद्दल कधी बोललो नाही.

दोन हजार तेवीसच्या जूनमधली गोष्ट. आमची ड्युटी घोटवरून निघून चामोर्शी, हरणघाट, मूल करत चंद्रपूरला जायची होती. घोटच्या पुढे एका फाट्यावर बापलेक चढले. बापाचं नाव जंगू आत्राम, पोरीचं मयुरी. नावं अर्थात नंतर कळली. जंगूभाऊंच्या अंगात पांढरा शर्ट होता, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. माझ्या मागच्याच सीटवर बसल्यामुळे सगळं बोलणं मला ऐकू येत होतं.

"दोन चंद्रपूर. एक अर्धं," जंगूभाऊ म्हणाले. बायांना अर्धं तिकीट नुकतंच सुरू झालं होतं.

रिनाबाईंनी तिकिटं दिली आणि पोरीच्या हातातल्या रंगीत कागदाकडे पाहिलं. "पाहू?"

मयुरीनं कागद दिला. चंद्रपुरातल्या एका संस्थेची जाहिरात होती. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, दोन वर्षांचा. पांढऱ्या कोटातली हसरी पोरगी आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: फक्त पंचवीस हजार.

"लॅब टेक्निशियनच काऊन?" रिनाबाईंनी विचारलं.

इतका वेळ गप्प बसलेली मयुरी पहिल्यांदा बोलली. "आमच्या इथल्या दवाखान्यात मलेरियाचं रक्त तपासते, बाई. मी नववीत होतो तेव्हा तिथल्या मॅडमनं मले मशीनमधून पाहू देल्लं. जंतू दिसला. अंगठीसारखा. माह्या आईचंच रक्त होतं ते."

"मग?"

"मग औषध भेटलं, बरी झाली. मले ते काम करायचं हाये."

रिनाबाईंनी कागद उलटासुलटा केला. "हे पंचवीस हजार एका वर्षाचे का दोन वर्षाचे?"

जंगूभाऊ म्हणाले, "एजंट म्हणे पंचवीस."

"परीक्षेची फी याच्यातच हाये का वेगळी? ऱ्हायचं कुठी? जेवणाचं? आणि हे कॉलेज सरकारच्या यादीत हाये ना? पोरीले शिष्यवृत्ती लागन का?"

जंगूभाऊंच्या चेहऱ्यावरून समजत होतं की यातला एकही प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. आणि गाडीभर लोकांसमोर ते उघडं पडणं त्यांना लागलं. ते तडकले. "बाई, तुमी तिकीट काढाचं काम करा. आज पाच हजार नाई भरले तर सीट जाते म्हणून सांगतलं त्यानं. तेंदूपत्त्याचे पैसे घेऊन निघालो हावो मी. पोरीचं वर्ष गेलं तर तुमी देसान काय?"

रिनाबाई जरा मागे सरल्या. "माफ करा, भाऊ. फक्त एक आयका. आज विचारून या. भरू नका."

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी चारला चंद्रपूरहून परतीची गाडी लागली तेव्हा बापलेक पुन्हा आमच्याच गाडीत चढले. परतीची गाडी ती एकच होती. जंगूभाऊंनी न बोलता पैसे पुढे केले. रिनाबाईंनीही न बोलता तिकीट दिलं. मूलच्या पुढे ते डुलक्या घ्यायला लागल्यावर मयुरी उठून कंडक्टरच्या सीटजवळ गेली आणि तिनं एक चिठ्ठी दाखवली. पाच हजार मिळाल्याची. त्यावर संस्थेचं नाव शिक्क्यानं उठवलेलं, पण नोंदणी क्रमांक नाही, पावती नंबर नाही, सही कोणाची तेही वाचता येत नव्हतं.

"बाबाले नका सांगू मी दाखवली म्हणून," ती म्हणाली. "तुमी सकाळी विचारलं ते सगळं मी तिथी विचारलं. तो माणूस हसला. म्हणे, हळूहळू कळन."

रिनाबाईंनी तिच्याकडून फोन नंबर घेतला. मशीनच्या कागदाच्या तुकड्यावर लिहून खिशात घातला. डेपोत गाडी लावल्यावर त्या मला म्हणाल्या, "बापूराव भाऊ, आपली गाडी किती तालुक्याईत जाते?"

मी मोजायला लागलो. मूल, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अहेरी, कधी सिरोंचा.

"आन प्रत्येक ठिकाणी कितीक वेळ थांबते?"

तेव्हा मला कळलं की आता काय होणार.

पुढचे दोन आठवडे आमची गाडी स्टँडवर लागली की रिनाबाई खाकी वर्दीतच बाहेर पडायच्या. कुठे वीस मिनिटं, कुठे चाळीस. ज्या गावात हा डिप्लोमा शिकवतात असं कळे तिथल्या ऑफिसात जायच्या. ब्रह्मपुरीत बाबूला वाटलं, पोरांच्या पासचं काही लफडं झालं. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "मले फी विचारायची हाये." तो म्हणाला, "ॲडमिशन कोणाची?" त्या म्हणाल्या, "अजून कोणाचीच नाई." मग मात्र तो चिडला. एका ठिकाणी सांगितलं, आधी विद्यार्थ्याला आणा. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं, फी फोनवर किंवा तोंडी सांगत नाही, फॉर्म घ्या, फॉर्मचे पाचशे. "फी विचाराचीच फी," असं त्या गाडीत येऊन म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या.

सगळीच माणसं तशी नव्हती. वरोऱ्याला त्या सुट्टीच्या दिवशी गेल्या. तिथे एका ट्रस्टच्या कॉलेजात पुनम नावाच्या क्लार्क होत्या. त्यांनी रिनाबाईंना समोर बसवून एका कागदावर एकेक बाब लिहून दिली. वर्षाची फी पंचेचाळीस हजार. आकडा ऐकून रिनाबाई उठायलाच लागल्या होत्या. पुनम म्हणाल्या, "थांबा ना. पोरगी कोणत्या समाजाची आहे?"

"गोंड."

"मग तिची फी सरकार भरते. आमचा कोर्स मान्यतेचा आहे, म्हणून. तिला वर्षाला पाच-सहा हजारांच्या वर खर्च नाही. आदिवासी मुलींचं सरकारी वसतिगृह इथंच आहे, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. फक्त जात वैधतेचं प्रमाणपत्र पाहिजे. नसेल तर अर्ज केल्याची पोच तरी पाहिजे."

हे ऐकून त्या रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत. वरोऱ्याच्या स्टँडवरूनच मला फोन केला. "भाऊ, पंचवीसवालं कॉलेज महाग हाये आन पंचेचाळीसवालं सस्तं!"

दरम्यान एक गडबड झाली. मूलला एका ऑफिसात बाबू जागेवर नव्हता म्हणून त्या थांबल्या आणि आमची गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. एका प्रवाशानं तक्रार केली. चूक माझीही होती, मला हॉर्न वाजवून बोलावता आलं असतं. पण मेमो त्यांनाच मिळाला. त्यांनी खुलाशात खरं ते लिहिलं: महाविद्यालयाची फी विचारण्यास गेल्याने विलंब झाला. असा खुलासा आमच्या डेपोत याआधी कोणी दिला नसेल.

डेपो मॅनेजर साहेबांनी दोघांनाही बोलावलं. साहेब कमी बोलणारे. खुलासा वाचून त्यांनी विचारलं, "कोणाची फी?"

रिनाबाईंनी पिशवीतून एक मोठा कागद काढला. जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूला स्केचपेननं रेघा मारून तक्ता केला होता. आडव्या ओळीत पाच ठिकाणं. उभ्या रकान्यांत पहिल्या वर्षाची फी, दुसऱ्या वर्षाची फी, परीक्षा, प्रॅक्टिकल, ड्रेस-पुस्तकं, राहणं-जेवण, शिष्यवृत्ती लागते की नाही, सरकारी यादीत नाव आहे की नाही. शेवटी लाल रंगात, दोन वर्षांचा सगळा मिळून घरातून जाणारा खर्च. जाहिरातीतल्या पंचवीस हजारांच्या कॉलेजासमोर तो आकडा एक लाख चाळीस हजार होता, आणि यादीच्या रकान्यात लिहिलं होतं: नाव सापडलं नाही. वरोऱ्याच्या कॉलेजासमोर सगळं धरून पंधरा हजाराच्या आत. सगळ्यात वर चंद्रपुरातली एक सरकारी संस्था होती. तिथे खर्च त्याहूनही कमी, पण जागा वीसच, आणि अर्जाची शेवटची तारीख पाच दिवसांवर.

साहेबांनी एकेक रकाना वाचला. मग म्हणाले, "ड्युटीत परत गाडी लेट झाली तर मी ऐकणार नाही."

"हो साहेब."

"याच्यावर तारीख नाही. फी बदलत असते. तारीख टाका, विचारणाऱ्याचं नाव टाका." आणि कागद परत देताना, "गाडीत लावता येणार नाही, नियमात नाही. पण पासच्या खिडकीजवळचा फलक विद्यार्थ्यांसाठीच आहे."

बाहेर आल्यावर रिनाबाईंनी आधी तारीख टाकली, कागद फलकावर लावला आणि मग मयुरीला फोन केला. फोन जंगूभाऊंनी उचलला. मी बाजूलाच होतो. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. रिनाबाई म्हणाल्या, "भाऊ, मी तुमाले काही सांगत नाई. तुमी डेपोत या आन कागद सोता वाचा. नाई पटला तर फाडून टाका."

दुसऱ्या दिवशी ते आले. सोबत मयुरी. पासच्या खिडकीसमोर पोरांची रांग होती, त्या गर्दीत ते फलकासमोर उभे राहिले. वाचायला त्यांना वेळ लागत होता. बोट फिरवत फिरवत ते एकेक रकाना पार करत होते. लाल आकड्यापाशी बोट थांबलं.

"एक लाख चाळीस," ते हळूच म्हणाले. "हे कुठून आले?"

मयुरीनं त्यांना एकेक बेरीज करून दाखवली. ती बेरीज करत होती आणि ते तिच्याकडे बघत होते, कागदाकडे नाही. मग म्हणाले, "तुले हे सगळं येते तर त्या दिवशी काऊन नाई बोलली?"

"बोलली होती, बाबा. तुमी म्हटलं, गप राय."

ते रिनाबाईंकडे वळले. "बाई, मी त्या दिवशी गाडीत वाकडं बोललो."

"मीबी सगळ्याईसमोर विचाराले नोको होतं," त्या म्हणाल्या. "चला, चार दिवस हायेत."

त्या चार दिवसांत सरकारी संस्थेचा अर्ज भरला, वरोऱ्याचाही भरला आणि गडचिरोलीत जात वैधतेचा अर्ज केला. वैधतेसाठी जंगूभाऊंच्या आजोबांचा जुना दाखला लागत होता. तो शोधायला ते ज्या शाळेत गेले तिथे वाळवीनं निम्मी रजिस्टरं खाल्ली होती, पण नेमकं ते पान शाबूत निघालं. पाच हजार परत मागायलाही ते गेले. रिनाबाई त्या दिवशी सोबत होत्या. संस्थेच्या माणसानं सांगितलं, बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत. खूप वाद झाला, काही उपयोग झाला नाही. ते पाच हजार गेले ते गेलेच.

सरकारी संस्थेची यादी लागली तेव्हा मयुरीचं नाव प्रतीक्षेत सातवं होतं. चौथ्या दिवशी तिनं रिनाबाईंना फोन करून सांगितलं, "बाई, मी वाट नाई पाहत. वरोऱ्याले जातो." आपल्याकडच्या पोरी जातो-येतो असंच बोलतात. तिनं निर्णय स्वतः घेतला हे मात्र रिनाबाईंना फार आवडलं. पुढे सरकारी यादी चौथ्या नंबरापर्यंतच सरकली, म्हणजे वाट बघितली असती तर वर्ष गेलंच असतं.

तिला वरोऱ्याला सोडायला जंगूभाऊ आमच्याच गाडीनं चंद्रपूरपर्यंत आले. एक लोखंडी पेटी, एक गादीची गुंडाळी आणि तांदळाची पिशवी. तांदूळ कशाला, वसतिगृहात जेवण आहे, असं रिनाबाईंनी म्हटलं तर म्हणाले, "तिथल्या मॅडमसाठी. ज्याईनं कागदावर लिहून देल्लं त्याईच्यासाठी. घरचा हाये."

इकडे फलकावरच्या कागदाचं वेगळंच सुरू झालं. पोरं त्याचे फोटो काढून पाठवायला लागली. खाली रिनाबाईंचं नाव होतं, नंबर कोणीतरी शोधून काढला. आष्टीहून, कोरचीहून, भामरागडच्या बाजूनं फोन यायला लागले. सगळ्यांना लॅबचं शिकायचं नव्हतं. कोणाला नर्सिंग, कोणाला आयटीआय, कोणाला फार्मसी. रिनाबाई प्रत्येकाला म्हणायच्या, "मले नाई माहीत. पण काय विचाराचं ते सांगतो, लिहून घ्या." आणि तक्त्यातल्या आठ रकान्यांचे आठ प्रश्न सांगायच्या.

एकदा एका संस्थेचा माणूस डेपोत येऊन भांडला. आमची फी चुकीची लिहिली, बदनामी केली, केस करतो. मला वाटलं आता कठीण आहे. रिनाबाई शांत होत्या. "साहेब, बरोबर किती ते तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. मी आत्ता बदलतो." तो गेला. तीन दिवसांनी खरंच पत्र आलं. त्यात लिहिलेली फी तोंडी सांगितलेल्या फीपेक्षा आठ हजारांनी कमी होती. त्यांनी तक्ता बदलला, पत्राची झेरॉक्स बाजूला लावली.

त्यांच्याकडूनही चूक झाली. पुढच्या वर्षी एटापल्लीकडचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले, फार संतापलेले. तक्त्यातला आकडा बघून ते पैसे घेऊन गेले होते आणि तिथे फी सहा हजारांनी वाढलेली निघाली. तारीख जुनी होती, पण तारखेकडे कोण बघतं? रिनाबाईंनी हात जोडले. स्वतः त्या कॉलेजात फोन करून हप्त्याची सोय होते का ते विचारलं. झाली. मात्र त्या दिवशी त्या घरी जाऊन जेवल्या नाहीत, असं त्यांच्या नवऱ्यानं, प्रवीणनं मला सांगितलं. त्यानंतर दर एक जूनला त्या जुना कागद काढून टाकतात आणि सगळीकडे पुन्हा विचारून नवा लावतात. या कामाला आता त्या एकट्या नाहीत. वरोऱ्याच्या पुनमबाई त्यांच्या भागातलं पाठवतात. घोटच्या बाजूचं काम जंगूभाऊंकडे आहे.

जंगूभाऊंचं मला विशेष वाटतं. ज्या माणसानं गाडीत सगळ्यांसमोर बाईला गप्प केलं, तो आता तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडीवर, बाजारात, लग्नात, कुठेही बारावीच्या पोराचा बाप दिसला की खिशातून ती पाच हजारांची चिठ्ठी काढून दाखवतो. त्यानं तिला प्लास्टिकचं कव्हर घातलं आहे. "हे पाहा, मी न विचारता भरले," असं सांगतो. लाजत नाही. मी एकदा म्हणालो, "भाऊ, लोक हसतीन ना." तर म्हणाला, "हसू दे. हसला तो विसरत नाई."

मयुरी यंदा पास झाली. पहिल्या श्रेणीत. सध्या आलापल्लीला एका खाजगी लॅबमध्ये काम करते. पगार फार नाही, नऊ हजार, पण अनुभव मिळतो. सरकारी जागांसाठी तिनं दोन ठिकाणी अर्ज केले आहेत. पहिल्या पगारात तिनं आईला चप्पल घेतली आणि बापाला एक शर्ट. जात वैधतेचं प्रमाणपत्र मात्र दोन वर्षांनी हातात आलं, त्यासाठी बापलेकीनं किती खेटे घातले ते वेगळंच.

मी गेल्या मार्चमध्ये रिटायर झालो. रिनाबाईंची गाडी आता दुसरा ड्रायव्हर चालवतो. सुट्टीच्या दिवशी कधी त्या आणि प्रवीण आमच्याकडे चक्कर टाकतात. परवा दुपारी अशाच आल्या होत्या. माझ्या बायकोनं पोहे केले होते. पहिला घास घेतला आणि त्यांचा फोन वाजला. सिरोंचाहून कोणी बाई बोलत होत्या, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. पोरीला नर्सिंग करायचं आहे, नदीपलीकडे तेलंगणात फी कमी सांगतात, इकडे घ्यायचं की तिकडे, असं काहीतरी होतं. मला वाटलं, हे यांच्या हाताबाहेरचं आहे.

रिनाबाईंनी ताटली खाली ठेवली. "तिकडचं मले मालूम नाई, बाई," त्या म्हणाल्या. "तिकडची शिष्यवृत्ती इकडच्या पोरीले लागते का, तेबी मालूम नाई. विचारा लागन." मग फोन कानाशी धरूनच माझ्याकडे वळल्या आणि हळूच विचारलं, "भाऊ, सिरोंच्याची ड्युटी सध्या कोणाकडे हाये?"